कर्नल तर कंपाइल झाला, मग बूट का होईना?

प्रश्न: मी राजारामपुरीत राहतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पीसीवर उबंटू (लिनक्स) आहे, डिस्क एनव्हीएमई (वेगवान एसएसडीचा प्रकार). कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) सोर्स घेतला, चालू कर्नलची कॉन्फिग फाईल कॉपी केली आणि मेक (कंपाइल करायची कमांड) मारलं. आधी ‘कॅनॉनिकल-सर्ट्स.पेम’ सापडत नाही म्हणून अडलं, ते नेटवर बघून निस्तारलं. मधे लाईट गेली, परत पहिल्यापासून केलं. शेवटी बीझेडइमेज (तयार कर्नलची फाईल) झाली, ती बूट फोल्डरमध्ये टाकून अपडेट-ग्रब केलं (ग्रब म्हणजे चालू होताना कर्नल निवडायचा मेनू) तर आता ‘कर्नल पॅनिक, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ येतंय. लई वेळ गेलाय, परत सगळं कंपाइल करायला लागणार काय?

उत्तर: नाही भावा, अजिबात नाही. कंपाइल बरोबर झालंय, पुढचं इन्स्टॉल तेवढं अर्धवट राहिलंय. (०,०) म्हणजे कर्नल चालू झाला पण त्याला रूटची, म्हणजे सगळी सिस्टीम जिच्यावर आहे ती डिस्कच दिसली नाही. उबंटूच्या कॉन्फिगमध्ये एनव्हीएमईचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून असतो, म्हणजे तो कर्नलच्या पोटात नसतो, डिस्कवर वेगळ्या फाईलीत असतो, आणि डिस्क वाचायला तर तोच ड्रायव्हर पाहिजे, म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच राहिली की! यासाठीच इनिटरॅमएफएस (कर्नलबरोबरच मेमरीत चढणारी छोटी फाईल सिस्टीम) असतं, त्यातनं हा ड्रायव्हर आधीच मेमरीत येतो. तू नुसती इमेज कॉपी केलीस म्हणून ते बनलंच नाही.

जुना कर्नल जागेवरच आहे, घाबरू नको. पीसी चालू करताना एस्केप दाब (जुनं बायोस असेल तर शिफ्ट), ग्रबमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधनं जुना निवड. मग सोर्सच्या फोल्डरमध्ये आधी ‘सुडो मेक इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ आणि त्यानंतरच ‘सुडो मेक इन्स्टॉल’. हा क्रम उलटा करू नको, कारण इनिटरॅमएफएस बनताना मॉड्यूल्स जागेवर लागतात. ते स्ट्रिप (मॉड्यूल्समधली डीबगची माहिती काढणारं) गाळू नको, नाहीतर डीबगच्या माहितीनं इनिटरॅमएफएस शेकडो एमबीचं होतं आणि बूट पार्टिशन वेगळं असलं तर भरून जातं. ग्रब अपडेट आपोआप होतं. सिक्युअर बूट (सही नसलेला कर्नल चालू न देणारी सोय) चालू असेल तर ते बायोसमधनं बंद कर, तुझ्या कर्नलवर सही नाही.

आणि लाईट गेली म्हणून पहिल्यापासून करायची गरज नव्हती, मेक राहिलेलंच उचलतं. एखादी .ओ फाईल (कंपाइल झालेला एक तुकडा) अर्धवट लिहिली गेली असेल तर एरर त्याच फाईलचं नाव सांगतो, तेवढी डिलीट करायची. पुढच्या वेळी ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापर, फक्त आत्ता लोड असलेले मॉड्यूल्स घेतं म्हणून वेळ खूप वाचतो, पण त्याआधी पेनड्राईव्ह, वायफाय डोंगल, प्रिंटर जे काय वापरतोस ते सगळं जोडून ठेव.