मुलगी ‘असलं’ का वाचते?

मुलं काय वाचतात आणि काय बघतात, याची काळजी घेऊन समुपदेशनासाठी येणारे पालक माझ्याकडे नेहमीच असतात. पूर्वी ही काळजी मारधाडीच्या सिनेमांची असे, मग मोबाइल गेमची आली. गेल्या काही वर्षांत एक नवीन प्रकार कानावर येतो. ‘कुठल्याशा इंग्रजी मालिकेतल्या दोन पात्रांचं जमावं की जमू नये, यावरून ती रात्र-रात्र अनोळखी लोकांशी वाद घालते. आणि मॅडम, ती दोन पात्रं चक्क भाऊ-बहीण आहेत. हे नॉर्मल आहे का?’

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एक आई हाच प्रश्न घेऊन आल्या होत्या. त्यांच्या आणि मुलांच्या परवानगीने हे लिहिते आहे. वयं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलीला आपण मुक्ता म्हणू. मालिकेचं नावही सांगत नाही, कारण तिच्या चाहत्यांत मुक्ताचं लिखाण ओळखणारे बरेच आहेत.

मुक्ता एकवीस वर्षांची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मालिका फॅन्टसी पुस्तकांची, म्हणजे जादू, शाप, राजवाडे, सगळं साग्रसंगीत. युद्धात अनाथ झालेलं एक तान्हं बाळ राजघराण्यात वाढतं. राजाची मुलगी त्याच्याहून थोडी मोठी. दोघं भाऊ-बहीण म्हणून वाढतात, एकमेकांसाठी जिवावर उदार होतात. चौथ्या पुस्तकात दोघं पंचविशीत आहेत. तो राजवाडा सोडून निघतो आणि निरोप घेताना तिला म्हणतो, ‘यापुढे तुला बहीण म्हणणं मला जमणार नाही.’ प्रकरण तिथेच संपतं. पाचवं पुस्तक अजून यायचं आहे, आणि तोवर चाहत्यांत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, हे प्रेम पहिल्या पुस्तकापासून दिसत होतं. रक्ताचं नातं नाही, मग अडलं कुठे? दुसरा म्हणतो, तो घराणं नाकारतोय, तिला नाही. एकत्र वाढली ती भावंडंच. आवडती जोडी जमावी म्हणून झटणं म्हणजे ‘शिपिंग’, लेखिकेने पुस्तकातच शिक्कामोर्तब केलं की ते ‘कॅनन’, आणि जोडीला विरोध करणारे ते ‘अँटी’. ही परिभाषा मला पुढे मुक्तानेच शिकवली.

आईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लॅपटॉप उघडा राहिला होता, त्यावर मुलीच्या नावाचा एक लांबलचक लेख होता आणि शीर्षकात ‘सिब्लिंग्ज’ आणि ‘लव्हर्स’ हे दोन शब्द शेजारी-शेजारी. त्या हादरल्या. एवढं हादरायचं कारण मात्र त्यांनी तास संपल्यावर, पर्स खांद्याला लावून उभ्या राहिल्यावर सांगितलं. आमच्या व्यवसायात हे नेहमीचंच. मुद्द्याची गोष्ट लोक निघता-निघता सांगतात. मुक्ताचा धाकटा भाऊ दत्तक आहे. तो आठ महिन्यांचा असताना घरी आला, तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. आता तो अठरा पूर्ण आहे.

‘दोघं मोठी झाली आता. आणि रक्ताची तर नाहीत…’ वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

मी त्यांना परत बसायला सांगितलं. अशा वेळी ‘छे, काहीतरीच काय!’ म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. पण त्याने माणूस गप्प होतो, भीती जात नाही. म्हणून आधी माहिती दिली. एडवर्ड वेस्टरमार्क या फिनलंडच्या अभ्यासकाने १८९१ मध्ये असं मांडलं होतं की अगदी लहानपणापासून एकत्र वाढलेल्या मुलांना मोठेपणी एकमेकांबद्दल सहसा तसं आकर्षण वाटत नाही, मग रक्ताचं नातं असो वा नसो. पुढे याला दोन ठिकाणचा चांगला आधार मिळाला. इस्रायलच्या किबुत्झ वसाहतींत मुलं समवयस्कांच्या गटात, जवळजवळ भावंडांसारखी वाढत. जोसेफ शेफर यांनी तिथल्या २,७६९ लग्नांची माहिती तपासली, तेव्हा बालपणीची पहिली वर्षं सलग एकाच गटात काढलेल्यांनी एकमेकांशी लग्न केल्याची उदाहरणं जवळजवळ सापडलीच नाहीत. तिथे अशा लग्नाला बंदी नव्हती, हे महत्त्वाचं. दुसरं उदाहरण तैवानचं. तिथे काही घरांत होणारी सून तान्ही असतानाच आणून मुलाबरोबर वाढवत. आर्थर वुल्फ यांना दिसलं, की अशा जोडप्यांना इतर जोडप्यांपेक्षा मुलं कमी होत आणि त्यांचे घटस्फोट जास्त होत.

‘म्हणजे होणारच नाही?’ त्यांनी विचारलं.

हमी नाही, हा माणसांचा कल आहे, असं मी सांगितलं. भावंडं वेगळी वाढली आणि मोठेपणी पहिल्यांदा भेटली, तर हा कल लागूही पडत नाही. पण तुमच्या घरात एकाने दुसऱ्याला रांगताना पाहिलंय, त्याची शी-शू पाहिली आहे. मग मी त्यांना एक साधा प्रश्न विचारला : मुक्ता कुठल्या बाजूने लिहिते?

त्यांना माहीत नव्हतं. शीर्षक आणि पहिल्या दोन-तीन ओळींपुढे त्या गेल्याच नव्हत्या.

मुक्ता आली ती रागातच. ‘आईला वाटतं मी विकृत आहे,’ हे तिचं पहिलं वाक्य. मी म्हटलं, तुझा लेख वाचून दाखवशील का? तिने फोनवर उघडला आणि वाचता-वाचता मराठीत सांगू लागली. लेख चांगलाच बांधलेला होता. कुठल्या पुस्तकात कोण कोणाला काय म्हणालं याचे दाखले, निरोपाच्या वाक्याचा अर्थ, आणि या सगळ्याच्या मध्ये एकदम हिंदू विवाह कायदा, १९५५! निषिद्ध नात्यांच्या व्याख्येत दत्तक नातं रक्ताच्या नात्याबरोबरीनं धरलंय, हे तिने परदेशी चाहत्यांना समजावून सांगितलं होतं. जादूच्या राज्याला आपला विवाह कायदा लावणारी माणसं मला फार आवडतात.

‘हे कशाला घातलंस?’

‘कारण ते सारखे म्हणतात, रक्ताचे नाहीत ना, मग चालतं. चालतं म्हणजे काय? म्हणजे तो तिचा भाऊ कधी नव्हताच का?’

इथे तिचा आवाज चढला. मग हळूहळू निघालं ते असं. काही वर्षांपूर्वीची भाऊबीज. घर भरलेलं, मुक्ता भावाला ओवाळतेय, आणि नात्यातल्या एक आजी कौतुकाने म्हणाल्या, ‘खरा भाऊ नसून किती मायेनं करते बघा.’ कोणाच्याच ते ध्यानात राहिलं नाही. आईंच्याही नाही. भावाने ताटात ओवाळणी टाकली, लाडू खाल्ला. मुक्ताच्या मात्र मनात ते रुतून बसलं. आजींना तेव्हा काही बोलता आलं नाही. आता जगाच्या पाठीवर कोणीही ‘खरा भाऊ थोडाच आहे’ असं लिहिलं, की ही उत्तर द्यायला बसते.

म्हणजे आईंना ज्याची भीती वाटत होती, त्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूने मुलगी रात्री जागत होती.

इतकं सरळ प्रकरण निघालं म्हणून मी खूश झाले असेन, असं वाटेल. तसं नव्हतं. मुक्ता विरुद्ध आहे म्हणून ती ‘चांगली’, आणि त्या जोडीच्या बाजूच्या मुली ‘वाईट’, हा निष्कर्ष आईंनी लगेच काढला असता. मुक्ताने तर तो काढलेलाच होता. ऐरोलीच्या एका मैत्रिणीशी तिने यावरून बोलणं तोडलं होतं. त्या मुलीला ती जोडी आवडे आणि ती त्यांच्यावर कथाही लिहीत असे. मुक्ताने तिला सर्वांसमोर ‘विकृत’ म्हटलं होतं. तोच शब्द, जो आईने आपल्याला चिकटवला म्हणून ती चिडली होती. त्या मैत्रिणीचं म्हणणं मी मुक्ताकडूनच ऐकलं : ‘त्या राजकन्येला राज्य म्हणून मागणी घालणारेच सगळे. माणूस म्हणून तिला ओळखणारा हा एकटाच.’ त्यात मला काहीच वावगं दिसलं नाही. एकटं वाटणाऱ्या मुलीला आपल्याला आतून-बाहेरून ओळखणारं कोणी हवं असतं, आणि गोष्टीत ते माणूस कुठल्या नात्याने भेटतं याची ती फार फिकीर करत नाही. खुनाच्या कादंबऱ्यांचा फडशा पाडणारे आमचे एक काका झुरळ मारायलाही काकूंना हाक मारत.

यानंतरची भेट आई आणि मुलगी दोघींची. मुक्ताने गोष्ट पहिल्यापासून सांगितली. आई बी.ए.ला मराठी घेतलेल्या, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या जुन्या सभासद. ऐकता-ऐकता त्या एकदम म्हणाल्या, ‘अगं, मग हे कच-देवयानीच की!’

मुक्ताला ती कथा अर्धवटच माहीत होती, म्हणून आईंनीच सांगितली. संजीवनी विद्या शिकायला कच शुक्राचार्यांकडे येतो. दैत्य त्याला पुन्हा-पुन्हा मारतात. शेवटी त्याची राख मद्यात मिसळून शुक्राचार्यांनाच पाजतात. गुरू पोटातल्या शिष्याला विद्या देतात, तो पोट फाडून बाहेर येतो आणि गुरूंना जिवंत करतो. मग देवयानी लग्नाचं विचारते, तर कच म्हणतो, तू गुरुकन्या, आणि ज्या पित्यापासून तू जन्मलीस त्याच्याच पोटातून मी बाहेर आलो, म्हणून तू माझी बहीण. दोघं एकमेकांना शाप देतात आणि वेगळे होतात.

‘बरोबरच आहे कचाचं,’ मुक्ता म्हणाली.

‘काही बरोबर नाही!’ आई उसळल्या. ‘इतकी वर्षं आश्रमात तिच्याबरोबर हिंडला-फिरला, तेव्हा नव्हतं सुचलं बहीण म्हणायला? पळवाट होती ती. मला कायम देवयानीचंच पटत आलंय.’

मुक्ता आईकडे बघतच राहिली. मी आईंना विचारलं, तुम्ही देवयानीच्या बाजूने आहात यावरून तुमच्या घरातल्या नात्यांबद्दल मी काही ठरवू का? त्या आधी ओशाळल्या, मग हसल्या. मला वेगळं काही समजावावं लागलं नाही.

तशी ही चर्चा आपल्याला नवी नाहीच. ज्या भाऊबिजेला आजींनी ते वाक्य टाकलं, तिला यमद्वितीया म्हणतात. यम त्या दिवशी बहिणीकडे, यमुनेकडे जेवायला गेला, अशी कथा. आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, दहाव्या सूक्तात, यम आणि यमी या जुळ्या भावंडांचा संवाद आहे. यमी भावाकडे संगाची मागणी करते, तो नकार देतो, ती वाद घालते, तो पुन्हा नकार देतो. ज्यांनी हे सूक्त जपून ठेवलं, त्यांना काही तसली लग्नं नको होती. भावंड म्हणजे कोण आणि ती रेघ कुठे, हे वादातून तपासून बघायची त्यांना गरज वाटली असावी, असं मला वाटतं. ती रेघही सगळीकडे एकाच जागी नसते. महाराष्ट्रात कित्येक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न रीतीचं मानतात, चुलतबहीण मात्र बहीणच. अर्जुनाची सुभद्रा मामेबहीण होती, हे मुक्ताने परदेशी मैत्रिणींना सांगितलं, तेव्हा तिकडे वेगळाच गोंधळ उडाला.

राहिला भाऊ. या सगळ्यात त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. तो एकदा येऊन गेला. त्याने ती पुस्तकं वाचलेली नाहीत आणि वाचायची इच्छाही नाही. आईच्या मनात काय आलं होतं, ते आईंनी त्याला स्वतः सांगितलेलं होतं (सांगावं की नाही, यावर आम्ही बराच खल केला होता), आणि त्यावर त्याची प्रतिक्रिया ‘शी!’ एवढीच होती. त्याला खुपत होतं ते दुसरंच. मुक्ताने दोन-तीन लेखांत ‘माझा भाऊ दत्तक आहे, म्हणून मला हे कळतं’ असं लिहिलं होतं. ‘माझी गोष्ट आहे ती. तिने मला न विचारता वाटली,’ तो म्हणाला. मुक्ताला हे अनपेक्षित होतं. आपण त्याच्यासाठीच लढतोय, असं तिला वाटत आलं होतं. तिने ते परिच्छेद काढून टाकले. मला विचाराल तर या घरातलं खरं काम हेच होतं, आणि ते त्या दोघांनी माझ्या फारशा मदतीशिवाय केलं.

मग काळजीचं काहीच नव्हतं का? होतं. तीनपर्यंत जागरण, सकाळची लेक्चर्स बुडणं, वादानंतर छातीत धडधड, आणि एका अनोळखी खात्यावरून ‘तुझं कॉलेज शोधून काढू’ असा संदेश, जो तिने घरी सांगितला नव्हता. कारण सांगितलं असतं तर आधी ‘असलं वाचतेसच कशाला’ हेच ऐकावं लागलं असतं. धमकीचे स्क्रीनशॉट काढून ठेवले, खातं ब्लॉक केलं आणि गरज पडली तर सायबर गुन्ह्यांची १९३० ही हेल्पलाइन आहे, हे सांगितलं. रात्री अकरानंतर नोटिफिकेशन बंद ठेवायचं तिने स्वतःच ठरवलं. पाचवं पुस्तक येईल त्या दिवशीचा अपवाद तिने मागून घेतला.

पालक मला विचारतात, मग घाबरायचं कधी? गोष्टीतल्या नात्यांवरून घाबरू नका. घरातलं एखादं मूल दुसऱ्या मुलाला टाळायला लागलं, त्याच्याबरोबर एकटं राहायला नको म्हणालं, कोणी कोणाला गुपित ठेवायला लावत असेल, तर थांबू नका. मूल अठराच्या आतलं असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. तो विषय पूर्ण वेगळा आहे आणि त्याचा कुठल्या पुस्तकाशी संबंध नसतो.

ऐरोलीच्या मैत्रिणीला मुक्ताने माफीचा मेसेज केला. पूर्वीसारखं झालेलं नाही, पण बोलणं आहे. आजींना या दिवाळीला आईच बोलल्या, सगळ्यांसमोर आणि पुरेशा मोठ्याने. आणि मुक्ताने मला अलीकडेच तक्रारीच्या सुरात कळवलंय, की आईने मालिकेचं पहिलं पुस्तक वाचून संपवलं, दुसरं हातात घेतलंय, आणि तिला वाटतं त्या दोघांचं जमायला हवं.