ऑपरेशनला पाच महिने झाले, तरी आई भिंत सोडत नाही

खुब्याच्या ऑपरेशननंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी जी मंडळी येतात, त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. कधी मुलगी विचारते, कधी नवरा, क्वचित पेशंट स्वतः. "सर्जन म्हणतात ऑपरेशन उत्तम झालंय. एक्स-रे छान आहे. दुखतही फारसं नाही. मग चालायची एवढी भीती का?" आणि लगेच, आवाज जरा खाली आणून, "की मुद्दाम करतेय?"

मुद्दाम कुणी करत नाही. लोळत पडायला मिळतं म्हणून स्वतःहून परावलंबी झालेलं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही.

ज्यांच्या निमित्ताने हे लिहितेय, त्यांना इथे नुसतं काकू म्हणते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ६७. उजव्या खुब्याचा सांधा झिजलेला, चार वर्षं लंगडत काढली आणि मग सांधा बदलून घेतला. मुलगी त्यांना घेऊन आली, तेव्हा ऑपरेशनला पाच महिने होऊन गेले होते. काकू भिंतीला हात लावत खोलीत आल्या. मी दाखवलेल्या खुर्चीत बसण्याआधी त्यांनी हाताने गादी दाबून पाहिली, खुर्चीची उंची नजरेने गुडघ्याशी ताडून पाहिली आणि मुलीकडे बघितलं. मुलीने पिशवीतून जाड उशी काढून खुर्चीवर ठेवली. दोघींमध्ये अवाक्षर झालं नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं होतं.

समुपदेशन सुरू करण्याआधी मी त्यांना पुन्हा एकदा सर्जनना दाखवून यायला सांगितलं. हे मी नेहमीच करते. 'मनातलं आहे' असा शिक्का मारणं फार सोपं असतं. पाऊल टाकताना जांघेत किंवा मांडीत कळ येत असेल, जखमेतून पाणी येत असेल, ताप असेल, तर ते सर्जनचं काम आहे, माझं नाही. पोटरी सुजून दुखू लागली, एकाएकी दम लागला, किंवा अचानक जोराची कळ येऊन पाय आखूड दिसायला लागला आणि त्यावर भारच देता येईना, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं. काकूंच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. सांधा जागच्या जागी, जखम भरलेली. फिजिओथेरपिस्टचं म्हणणं मात्र होतं की खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू अजून कमजोर आहेत, म्हणून चालताना कंबर एका बाजूला जाते.

मग मी विचारलं, "काकू, चालताना नक्की काय होईल असं वाटतं?"

"कट्ट आवाज येईल आणि पाय निखळेल."

त्या इतक्या चटकन म्हणाल्या की मुलगी चमकून बघायला लागली. तिने हे कधी ऐकलंच नव्हतं. हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या रात्री शेजारच्या खाटेवर एका बाईंना आणलं होतं. त्यांचाही खुबा बदललेला, घरी गेल्यावर काही आठवड्यांत निखळलेला. पडद्यापलीकडून काकूंनी रात्रभर त्यांचं कण्हणं ऐकलं. सकाळी त्यांना नेलं. पुढे काय झालं, कशामुळे निखळला, काकूंना काहीच कळलं नाही. ऐकलेला आवाज तेवढा सोबत घरी आला.

आणि घरी आला तो कागद. डिस्चार्जच्या वेळी मिळालेला 'हे करू नका' असा कागद, जो मुलीने काळजीने पलंगासमोर चिकटवला होता. खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवू नका. पायावर पाय टाकू नका. पाऊल आत वळवू नका. बुटक्या आसनावर बसू नका. झोपताना दोन पायांत उशी ठेवा. वाकून जमिनीवरचं काही उचलू नका. बाथरूमचं दार आतून लावू नका. सगळं बरोबर होतं. फक्त कुठपर्यंत, ते एकाही ओळीपुढे लिहिलेलं नव्हतं.

इथे थोडं शरीराचं सांगायला हवं. नवा सांधा म्हणजे वाटी आणि तिच्यात फिरणारा गोळा. काकूंचं ऑपरेशन मागच्या बाजूने केलेलं होतं. त्यात सांध्याभोवतीची पिशवी आणि मागचे छोटे स्नायू कापून नंतर पुन्हा शिवावे लागतात. ते जुळून घट्ट होईपर्यंत खुबा फार वाकवला आणि त्याच वेळी पाय आत वळला, तर गोळा मागून वाटीबाहेर सटकू शकतो. म्हणून ती बंधनं. साधारण सहा ते बारा आठवडे पाळायला सांगतात. सांधा निखळण्याच्या बऱ्याच घटना पहिल्या तीन महिन्यांतच घडतात आणि त्यानंतर धोका बराच उतरतो. पुढच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर नियम वेगळे असतात, कधी फारच थोडे. म्हणजे शेजारणीचा कागद आपल्याला लागू नाही आणि आपला तिला नाही.

थोडक्यात, पहिले तीन महिने आपण पेशंटला या सांध्याला घाबरायला रीतसर शिकवतो, आणि ते गरजेचंच असतं. पुढे ते शिकवलेलं उलटं फिरवायची वेळ येते, तेव्हा समोर कुणीच नसतं. सर्जन तपासतात, "आता काही हरकत नाही, चाला-फिरा" म्हणतात आणि पुढचा पेशंट आत येतो. कागद भिंतीवर तसाच. माझ्या अनुभवात ऑपरेशननंतर टिकून राहणाऱ्या भीतीचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. पेशंटचा स्वभाव फार नंतर येतो.

या भीतीला मापही आहे. १९९१ साली तयार झालेली 'टॅम्पा' नावाची प्रश्नावली आहे. तिच्यात १७ विधानं असतात, 'मी हालचाल केली तर मला इजा होईल' अशा धाटणीची, आणि गुण १७ ते ६८ च्या दरम्यान येतात. मी ती देते, पण आकड्यापेक्षा पेशंट कुठल्या विधानापाशी अडखळतो, तिकडे माझं जास्त लक्ष असतं. काकू अडखळल्या त्या व्यायामाच्या विधानापाशी. व्यायामाने सांधा सुधारतो की झिजतो, हे त्यांना ठरवता येईना. त्यांचा हिशेब असा की सांधा धातू-प्लास्टिकचा, पावलं मोजकी, जपून वापरला तर जास्त पुरेल.

हा समज मला इतक्या जणांत दिसतो की त्यावर जरा थांबते. आजच्या पद्धतीचं खुब्याचं ऑपरेशन जॉन चार्नली यांनी इंग्लंडमध्ये १९६२ साली रुळवलं, तेव्हापासून अशा सांध्यांच्या नोंदी जमत आल्या आहेत. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'ने अनेक देशांतल्या नोंदी एकत्र करून छापलेला अंदाज असा की सुमारे ५८ टक्के सांधे २५ वर्षं टिकतात. हे २५ वर्षांपूर्वी बसवलेले सांधे, आताचं प्लास्टिक त्याहून कमी झिजतं. मी काकूंना विचारलं, "बसून राहून सांध्याचं आयुष्य वाढवलं, तर ती वाढीव वर्षं तुम्ही कशासाठी वापरणार?" त्या हसल्या. पहिल्यांदाच.

सांधा जपला जात होता, पण त्याची किंमत स्नायू मोजत होते. भीती वाटते म्हणून त्या पायावर भार कमी, म्हणून स्नायू अशक्त, म्हणून चाल लंगडी, आणि लंगडते म्हणजे आत काहीतरी बिघडलंय असं वाटून पुन्हा भीती. पाठदुखीच्या पेशंटमध्ये हे चक्र आधी नीट अभ्यासलं गेलं, पण खुब्यालाही ते चपखल बसतं.

घरी काका होते. प्रेमळ माणूस. काकूंनी पलंगाखाली पाय सोडला की दुसऱ्या खोलीतून "अगं, जपून!" अशी हाक यायची. मुलगी म्हणाली, दिवसातून कितीदा ते मोजायचं तिने सोडून दिलंय. दर वेळी काकू जागच्या जागी थिजायच्या आणि अंग ताठ व्हायचं. ताठ अंगाने चाललं की तोल जास्त जातो, हे काकांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्यांना बोलावून घेतलं आणि 'जपून' हा शब्द घरातून काढून टाका म्हटलं. "मग काय म्हणू?" असं त्यांनी अगदी प्रामाणिकपणे विचारलं. म्हटलं, काहीच म्हणू नका, आणि अगदीच राहवलं नाही तर खोलीबाहेर जा. ते खरोखरच बाहेर जाऊन उभे राहायला लागले.

पुढचं काम त्या कागदाचं. काकू कागद आणि पेन घेऊन सर्जनकडे गेल्या, आणि प्रत्येक ओळीपुढे लिहून आणायचं ठरलं होतं: संपलं, अजून चालू, की कायमचं. तोंडी सांगितलेलं चालणार नाही, हे मी बजावलं होतं, कारण तोंडी 'चाला-फिरा' त्यांना आधीही मिळालं होतं आणि ते दाराबाहेर पडेपर्यंत विरूनही गेलं होतं. बहुतेक ओळींपुढे 'संपलं' आलं. कुशीवर झोपायला परवानगी, उशीची गरज नाही. अगदी बुटक्या सोफ्यात रुतून बसू नका, आणि खोल वाकून त्याच वेळी पाय आत वळवू नका, एवढ्या दोन गोष्टी राहिल्या. काकूंनी नवा कागद स्वतःच्या हाताने लिहिला आणि जुना फाडला.

मग आम्ही भीतीची उतरंड मांडली. कुठल्या गोष्टीची किती भीती वाटते, त्याला शून्य ते दहा गुण. मला वाटलेलं, पहिली मागणी जिन्याची असेल. काकू म्हणाल्या, "मला बाथरूमचं दार लावायचंय."

पाच महिने त्या दार उघडं ठेवून अंघोळ करत होत्या. पडल्या तर कुणाला आत येता यावं म्हणून सुरुवातीला ते योग्यच होतं. नंतर कुणाच्या लक्षात आलं नाही आणि त्यांना मागायची लाज वाटली. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत रडू येणं, झोप उडणं, चिडचिड होणं अगदी सर्रास असतं. दुखणं, औषधं, रात्री एकाच अंगावर पडून राहणं, सगळ्याचा त्यात वाटा असतो. पण त्या रडण्याच्या तळाशी कित्येकदा हे असतं, की आपल्या शरीराचं काहीच आता खासगी उरलेलं नाही. 'किती पावलं चाललात' हे सगळे विचारतात, हे कुणी विचारत नाही.

तर सुरुवात दारापासून झाली. भिंतीला पकडायचा दांडा बसवला, खाली न घसरणारी चटई टाकली. आधी दार नुसतं लोटून, मग आतून लावून. त्यानंतर कुशीवर वळणं. त्यानंतर पायातून निसटलेली चप्पल स्वतः उचलणं, तीही फिजिओने शिकवलेल्या रीतीने, एका हाताने आधार घेऊन आणि ऑपरेशनचा पाय मागे सरकवून. चप्पल उचलण्याआधी मी त्यांना लिहायला सांगितलं: काय होईल? त्यांनी लिहिलं: 'कट्ट.' उचलल्यावर पुन्हा लिहायचं: काय झालं? 'घाम आला. बाकी काही नाही.' ही वही त्यांनी बरेच दिवस चालवली. मी कितीही धीर दिला असता, तरी स्वतःच्या अक्षरातल्या त्या दोन ओळींची बरोबरी झाली नसती.

जिना जमला त्याच्या नंतर. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, आणि काठी ऑपरेशन झालेल्या बाजूच्या विरुद्ध हातात. काकू पाच महिने काठी उजव्याच हातात धरत होत्या, कारण दुखणं उजवीकडे. बहुतेक जण हेच करतात. काठी डाव्या हातात गेली आणि त्यांची चाल पहिल्याच दिवशी सरळ दिसायला लागली. यात समुपदेशन काडीचंही नाही, श्रेय फिजिओचं.

मधेच एकदा त्या रडकुंडीला येऊन बसल्या. ओळखीतल्या कुणी फोन करून सांगितलं होतं, "मी तर चौथ्या आठवड्यात काठी टाकली." दुसऱ्यांचे अनुभव ऐकू नका असं मी कुणाला सांगत नाही, कारण ते होणारच नाही. पण ऐकताना उलट प्रश्न विचारा. हाड मोडून अचानक ऑपरेशन झालं, की झिजून? वय काय? ऑपरेशन पुढून की मागून? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याआधी किती वर्षं लंगडत होता? काकूंनी चार वर्षं त्या पायाला सवलत दिलेली. स्नायू सुकले ते त्या चार वर्षांत. सांधा एका सकाळी बदलता येतो, पण स्नायू भरून यायला महिने लागतात आणि कित्येकांची चाल वर्षभर सुधारत राहते. फोन करणाऱ्या ताईंनी ऑपरेशनच्या सहा महिने आधी सायकल चालवली होती, हे नंतर कळलं.

घरच्यांनी आमच्याकडे मदत मागायला कधी यायचं, हा प्रश्न उरतो. सर्जनने मोकळीक देऊनही महिनाभरात माणूस घराबाहेर पडत नसेल, वॉकर निव्वळ भीतीपोटी सुटत नसेल, रात्री निखळण्याची स्वप्नं पडत असतील, तर वाट पाहू नका. वर्षभर मुरलेली भीती काढायला मला फार वेळ लागतो, पाचव्या महिन्यातली तुलनेने लवकर निघते. जेवण, झोप, बोलणं सगळंच आटलं असेल किंवा 'आता जगून काय करू' असं कानावर आलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना लगेच दाखवा.

नवव्या महिन्यात काकू एकट्या आल्या. संध्याकाळी थकल्यावर अजून थोडं लंगडायला होतं, म्हणाल्या. घरात काठी लागत नाही. फिजिओने बाहेरही गरज नाही असं सांगितलंय, तरी गर्दीत त्या ती सोबत ठेवतात. मी कारण विचारलं, मला वाटलं अजून भीती शिल्लक आहे.

"छे हो, मॅडम," त्या म्हणाल्या, "काठी दिसली की लोक बसायला जागा देतात."