फुल मॅरेथॉनला पाणी किती? आधी वजनकाटा काढा

तुम्ही लिहिलंय की मुंबई फुलच्या तयारीत लाँग रनला दर दोन किलोमीटरला पाणी पिता, जेलही (साखरेचा घट्ट गर) घेता, तरी शेवटी पोट डुचमळतं आणि डोकं जड होतं. पाणी वाढवू का, असं विचारताय. नका वाढवू. आधी तुमचा घाम मोजा.

रेसच्या वेगाने तासभर पळा. निघण्यापूर्वी लघवीला जाऊन या आणि कमीत कमी कपड्यांत वजन करा. परतल्यावर अंग पुसून, ओले कपडे काढून पुन्हा करा. ६८.० चे ६७.१ झाले आणि वाटेत ३०० मिली प्यायलात, तर तासाला १.२ लिटर घाम गेला. ओल्या टी-शर्टसकट काट्यावर उभं राहिलं की हिशेब फसतो. आणि पुण्याच्या डिसेंबरातल्या पहाटेचा आकडा मुंबईत चालत नाही. तिथे दमटपणामुळे घाम वाळत नाही, नुसता गळतो. अंग थंड होत नाही, म्हणून आणखी घाम सुटतो.

गेलेला सगळा घाम भरून काढायचा नसतो. पळताना बहुतेकांच्या पोटाला तासाला ७००-८०० मिलीच्या वर झेपत नाही. १.२ लिटरवाल्याने तेवढंच प्यावं. शेवटी वजन दोन-तीन टक्के कमी भरलं तर चालतं. पण ज्याचा घाम तासाला ६०० मिली आहे आणि जो सहा तास रमतगमत जातो, त्याने शेजाऱ्याचं बघून तेवढंच ढोसलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि पळताना वजन वाढलेल्यांत ते जास्त आढळलं. मळमळ, डोकेदुखी, बोटातली अंगठी घट्ट होणं, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसली तर पाणी पाजत बसू नका, थेट मेडिकल तंबू गाठा.

तुमच्या पोटाचं कारण मला वेगळंच दिसतंय: जेलवर स्पोर्ट्स ड्रिंक. दुप्पट साखर पोटातच बसून राहते. जेलवर साधं पाणी घ्या, मिठाचं पेय वाटेतल्या पुढच्या पाण्याच्या स्टेशनला. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटरमध्येच घोळायची. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली की हगवणीची तयारी. घरी करायचं तर एक लिटर पाणी, ४० ग्रॅम साखर, २ ग्रॅम मीठ, एक लिंबू. चमच्याच्या अंदाजाने नको, काट्यावर मोजा. काळ्या टोपीवर घाम वाळून पांढरे डाग पडत असतील तर मीठ ३ ग्रॅम करा. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, त्यामुळे ते रेसनंतर बरं.

स्टेशनवर आठ-दहा पावलं चाला, दोन-तीन घोट घ्या. हातात बाटली आली म्हणून ती संपवलीच पाहिजे असं नाही. पेडर रोडचा चढ पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास येतो. पाणी त्याच्या आधीच घ्या, चढावर धाप लागलेली असताना ठसका लागतो. डोक्यावर ओतताना बूट वाचवा, नाहीतर फोड येतील.

आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी घेऊन पळू नका. घाम गेलेला असताना ते मूत्रपिंडावर येतं.

रेसनंतर दोन किलो घटलं असेल तर चार-पाच तासांत मिळून अडीच लिटर, जेवण आणि मीठ घातलेल्या ताकासोबत. तोवर लघवी झालीच नाही, किंवा कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.