विहीर बंद असली तरी टेक्सासला शून्याचा रिपोर्ट जातोच

तुमचे प्रश्न दोन. टेक्सासच्या एका छोट्या ऑपरेटरचं (तेल-गॅसविहिरी चालवणाऱ्या कंपनीचं) रिपोर्टिंग पुण्यातून बघताना, दोन महिने बंद असलेल्या लीजचा (विहिरींसाठी भाडेकरारावर घेतलेल्या जागेचा) फॉर्म पीआर, म्हणजे दरमहाचा उत्पादनाचा रिपोर्ट, भरायचा का? आणि चालू लीजचा टाकीतला साठा जुळत नाही, त्याचं काय करायचं?

पहिला सोपा आहे. भरायचाच. रेलरोड कमिशनला (टेक्सासमधल्या तेल-गॅसवर देखरेख करणारी सरकारी संस्था; नाव रेल्वेचं, पण रेल्वेशी आता काही संबंध उरलेला नाही) दर महिन्याचा पीआर पुढच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत लागतो; मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. उत्पादन नसेल तर शून्य टाका, पण ओळ रिकामी सोडू नका. विहिरी प्लग होऊन (कायमच्या बुजवून) टाकीतलं शेवटचं तेल जाईपर्यंत हे चालू राहतं. रिपोर्ट चुकत राहिले तर लीजचं पी-४ प्रमाणपत्र (नियम पाळल्याचं आणि माल उचलू देणारं) रद्द केलं जातं, मग खरेदीदाराला तिथला माल उचलता येत नाही. खरा फटका तिथे बसतो.

आता साठा. हिशोब एवढाच: सुरुवातीचा साठा + उत्पादन − विल्हेवाट (टाकीतून बाहेर गेलेलं सगळं) = शेवटचा साठा. समजा महिन्याच्या सुरुवातीला २१२ बॅरल होतं, ट्रकने ५४० गेलं, तळाच्या गाळापाण्यात ४ गेलं आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या सकाळी गेज केल्यावर (टाकीतल्या तेलाची उंची मोजल्यावर) ३०८ भरलं. म्हणजे उत्पादन ५४० + ४ + ३०८ − २१२ = ६४०. बहुतेक जण इथे विक्रीचा आकडाच उत्पादन म्हणून टाकून मोकळे होतात. मग कागदावरचा साठा कधीच हलत नाही, आणि खरी टाकी भलतंच सांगते.

फरक पडायची दुसरी जागा म्हणजे रन टिकेट (तेल उचलताना बनणारी मोजणीची पावती). त्यावर ग्रॉस आणि नेट दोन्ही असतात. नेटमध्ये गाळपाणी वजा झालेलं असतं आणि आकारमान ६० अंश फॅरेनहाइटवर आणलेलं असतं. खरेदीदार नेट कळवतो, तेव्हा तुम्हीही नेटच घ्या. तरीही दोन-तीन बॅरलचा फरक राहिला तर गेज तपासा: १२ फूट व्यासाच्या, २० फूट उंच, ४०० बॅरलच्या टाकीत एक इंच म्हणजे साधारण १.६७ बॅरल. पंपरने (विहिरी-टाक्या रोज बघणाऱ्या माणसाने) दोन इंच चुकीचे वाचले की झालंच. चूक जुन्या महिन्यात असेल तर त्या महिन्याचा दुरुस्त रिपोर्ट पाठवा आणि पुढचे महिनेही त्याच क्रमाने सुधारा. चालू महिन्यात ‘ॲडजस्ट’ करून झाकलंत तर पुढे सापडणं मुश्कील.

गॅसचा फरक वेगळ्या कारणाने येतो. टेक्सासमध्ये एमसीएफ (हजार घनफूट गॅस) १४.६५ पीएसआयए (पौंड प्रति चौरस इंच, निरपेक्ष) दाबावर मोजतात. खरेदीदाराचं स्टेटमेंट १४.७३ वर असेल तर त्यातल्या १००० चे टेक्सासच्या १४.६५ वर सुमारे १००५ होतात. आधी दाबाचा रकाना बघा. आणि लक्षात ठेवा, तेलविहिरी लीजवार एकत्र जातात, गॅसविहीर मात्र प्रत्येक स्वतंत्र, स्वतःच्या आयडीवर. विहिरीचा प्रकार बदलला आणि जुन्याच क्रमांकावर भरत राहिलात, तर नव्या क्रमांकावर रिपोर्ट थकीत दिसतो.

राज्याच्या कंट्रोलरला (कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याला) कराचा रिपोर्ट वेगळा जातो: कच्च्या तेलाचा पुढच्या महिन्याच्या २५ तारखेला, गॅसचा उत्पादनानंतरच्या दुसऱ्या महिन्याच्या २० तारखेला. म्हणून पीआर दुरुस्त केलात की कराचा रिपोर्टही लगेच काढून बघा.