कपडे वाळवायच्या ड्रायरचा गरम हवा बाहेर सोडणारा पाइप स्लॅबमधून नेता येईल का?

नाही, नेरूळच्या फ्लॅटमध्ये स्लॅब किंवा बीम फोडून नेऊ नका. फॉल्स सीलिंगमधून बीमच्या खालून ड्राय बाल्कनीत काढा. अमेरिकेत तो लाकडी तुळयांमधल्या पोकळीतून जातो. आपल्याकडे स्लॅबमध्ये सळया असतात, आणि खाली शेजाऱ्यांचं छत. मी डक्टिंगचीच कामं करतो. ४ इंची, आतून गुळगुळीत पत्र्याचा पाइप घ्या. प्लास्टिकच्या चुणीदार नळीत कपड्यांचा भुसा साठतो आणि तोच पेट घेतो. स्क्रूचं टोकही आत येऊ देऊ नका. तिकडच्या नियमात साधारण ३५ फूट लांबी चालते, प्रत्येक काटकोनी वळणामागे ५ फूट वजा. बाहेरच्या तोंडाला झडप लावा, जाळी नको, ती तुंबते. मात्र मशीन हीट पंपचं, म्हणजे हवा आतच फिरवून तिच्यातलं पाणी काढणारं असेल तर पाइपच लागत नाही. ते पाणी मोरीत सोडा.