सिस्टर की डॉक्टर?

प्रश्न : ताई, मी नर्सिंग कॉलेजात शिकवते, गेल्या वर्षी नर्सिंगमध्येच पीएचडी झाली, सहा वर्षं घासली त्यासाठी. केबिनच्या पाटीवर 'डॉ.' लागलं. पण परवा विद्यार्थिनींना घेऊन वॉर्डात गेले तर एक सर्जन सगळ्यांसमोर म्हणाले, "काय डॉक्टरीणबाई, आज राउंड तुम्हीच घेणार का?" माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात नर्स प्रॅक्टिशनर (पेशंट तपासून औषध लिहून देणारी नर्स) आहे, डीएनपी म्हणजे नर्सिंगमधली डॉक्टरेट केलीय, ती म्हणते तिकडे नर्सने 'डॉक्टर' लावलं तर दंडच होतो. मग एवढं शिकायचं कशाला? - एक वाचक, सांगली

उत्तर : आधी त्या सर्जनसाहेबांचं. मनाला लावून घेऊ नका असं मी म्हणणार नाही, मीपण वॉर्डातच आयुष्य काढलंय, लागतंच ते. आणि गंमत बघा, जिने कधी स्टेथोस्कोप हातात धरला नाही अशा डॉक्टरच्या बायकोला अख्खं गाव डॉक्टरीणबाई म्हणतं, कंपाउंडरलासुद्धा डॉक्टर म्हणतं, तेव्हा कुणाचं पोट दुखत नाही.

तुमची बहीण म्हणते ते खरंय. तिकडे 2022 मध्ये एका डीएनपी नर्सला स्वतःला डॉक्टर म्हणवून घेतल्याबद्दल जवळपास 20 हजार डॉलर भरावे लागले, मग 2023 मध्ये तिघेजण कोर्टात गेले की आम्ही कमावलेली पदवी लावायची नाही म्हणजे काय, आणि 2025 मध्ये कोर्टाने सरकारच्याच बाजूने निकाल दिला. आपल्याकडे त्याच वर्षी सप्टेंबरात फिजिओथेरपिस्टांनी 'डॉ.' लावू नये असं दिल्लीहून आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र निघालं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं, म्हणजे सरकारलाच नक्की माहीत नाही.

माझं मत विचाराल तर पदवी तुमची आहे, ती लावा. डॉक्टर हा मुळात विद्यापीठाचा शब्द, शिकवणारा असा अर्थ, दवाखान्याने तो नंतर उचलला. बाबासाहेबांच्या नावाआधीचं डॉ. वाचून कुणी तापाचं औषध मागत नाही. इंग्लंडात तर सर्जन लोक अभिमानाने मिस्टर लावतात! तुमच्या सर्जनसाहेबांना सांगा हे, बघा तोंड कसं होतं ते.

पण वॉर्डात मात्र मी वेगळं सांगेन, आणि हे तुम्हाला आवडणार नाही. रात्री दोनला आयसीयूबाहेर बसलेल्या म्हातारीला पीएचडी आणि एमबीबीएस यातला फरक कुठून कळणार, तिला एवढंच हवं असतं की डॉक्टर येऊन बघून गेले की नाही, आणि तुम्ही "मी डॉ. अमुक" म्हणालात की ती घरी फोन करून सांगणार, हो, मोठ्या डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. चूक तिची नाही ना. म्हणून खाटेपाशी आधी काम सांगायचं, "मी नर्सिंगची प्राध्यापक, या मुली माझ्या विद्यार्थिनी." बॅजवर नावापुढे पीएचडी, खाली ठळक अक्षरात नर्सिंग. बास. हाच नियम त्या पोरसवदा इंटर्नलाही लावा की, जो फायनलचा निकाल लागला की लगेच डॉक्टर होतो आणि आपण कोण ते पेशंटला सांगतच नाही.

शिकायचं कशाला म्हणता, तर एवढ्या मोठ्या पत्रात तुमचा प्रबंध कशावर होता ते तुम्हीसुद्धा लिहिलं नाहीत हो. पुढच्या पत्रात तेवढं आधी कळवा.