नांगर दिसला म्हणून नेव्हीवाला नाही

प्रश्न: नमस्कार सर, मी मूळची साताऱ्याची, आता बर्मिंगहॅमला असते. इथल्या जुन्या बाजारात एक चांदीचं मेडल मिळालं, रुपयाएवढं, वर कडी. पुढे एकात एक गुंतलेली अक्षरं, मागे गावाचं नाव आणि १९१४-१९ च्या युद्धातल्या सेवेबद्दल गावकऱ्यांकडून असं कोरलंय. बारीक नांगराचा शिक्का पण आहे (जहाजाचा, शेतातला नाही!) म्हणजे हा माणूस नेव्हीत होता का? पणजोबांचं त्याच लढाईचं मेडल आमच्या घरी आहे, त्यावर राजाचं तोंड आहे, यावर नाही, मग हे डुप्लिकेट का?

उत्तर: डुप्लिकेट अजिबात नाही ताई, फक्त सरकारी नाही एवढंच. बोअर युद्धापासून (ब्रिटिशांची दक्षिण आफ्रिकेतली लढाई, १८९९-१९०२) ब्रिटनमध्ये ही पद्धत दिसते, गावातला पोरगा लढाईवरून आला की लोकांनी वर्गणी काढायची, गाण्याचे कार्यक्रम, पत्त्यांचे डाव ठेवून पैसे जमवायचे आणि सोनाराकडून मेडल बनवून हॉलमध्ये सगळ्यांसमोर द्यायचं. युनिफॉर्मवर सरकारी मेडलांच्या रांगेत ते लावता यायचं नाही, म्हणून बरेच जण घड्याळाच्या साखळीला अडकवायचे, तुमची कडी त्यासाठीच असणार.

आता नांगर. तो बर्मिंगहॅमच्या हॉलमार्कचा, म्हणजे चांदी तिथे तपासली गेली, नेव्हीशी काही संबंध नाही, आणि त्यावरून गाव पण बर्मिंगहॅमजवळचं धरू नका कारण तिथला माल देशभर जायचा. शेजारी चालता सिंह असेल तर ती ९२५ ची चांदी, म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध, एक सुटं अक्षर असेल तर ते तपासणीच्या वर्षाचं. आणखी दोन-तीन बारीक अक्षरं दिसली तर ती बनवणाऱ्याची असतात, लोक हमखास ती सैनिकाची समजतात. सैनिकाची ती पुढची गुंतलेली.

पणजोबांचं मेडल चांदीचं आणि मागे नागडा घोडेस्वार असेल तर ते ब्रिटिश वॉर मेडल. त्याची कड भिंगाखाली बघा, नंबर, हुद्दा, नाव, पलटण तिथे ठोकलेलं असतं. साताऱ्याकडच्या गावांत सरकारने संगमरवरी पाट्या बसवल्या, इतके लढाईवर गेले, इतक्यांनी प्राण दिले, फक्त आकडे, नावं नाहीत, मला तर ते कायम खटकतं. म्हणून ती कड जपा.

बाजारातल्या मेडलचा माणूस शोधायचा तर त्या गावाच्या भागातली १९१९-२० च्या आसपासची लोकल पेपरं चाळा, समारंभाच्या बातमीत नावं यायची. आद्याक्षरं जुळली की लंडनच्या क्यू (Kew) भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, म्हणजे सरकारी दफ्तरखान्यात, मेडलची कार्डं बघा, सर्व्हिसची कागदपत्रं मात्र १९४० च्या बॉम्बिंगमध्ये बरीचशी जळली. आणि प्लीज, दोन्ही मेडलांना पॉलिश घासू नका, कोरलेलं पुसट होतं.